वजा वीस

३ सप्टेंबर, बुधवार

सरकारी कागदाला मी भीत नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. आज ते खोटं ठरलं. दवाखान्यातली माझी मदतनीस भामा, तिने मेलवर आलेलं पत्र छापून टेबलावर ठेवलं आणि ते वाचता वाचता माझा चहा गार झाला.

पत्रातलं थोडक्यात असं. कान तपासणारे, बोलण्याचे उपचार करणारे आमच्यासारखे जेवढे आहेत, त्या सगळ्यांनी राज्याच्या नव्या पटावर पुन्हा नाव नोंदवायचं. डिग्री, जुनी नोंदणी, कान तपासायचं मशीन बरोबर असल्याचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र. मुदत तीस सप्टेंबर. त्यानंतर केव्हाही, न कळवता, तपासणीला माणसं येतील. नोंदणी नसेल तर दवाखाना बंद.

चिक्कडपल्लीत या दोन खोल्यांत अठ्ठावीस वर्षं काढली. डिग्रीची मला फिकीर नाही. मला भीती मशीनची आहे, आणि ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या कामात एक रीत असते. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत तपासणाऱ्याने स्वतः हेडफोन लावायचा आणि मशीनमधला एकेक स्वर ऐकायचा. आपला कान आपल्याला ठाऊक असतो. नेहमीच्या आकड्यावर स्वर ऐकू आला तर मशीन ठीक. कॉलेजातले सर सांगायचे, तुमचा कान हेच तुमचं पहिलं मोजमाप. मी ही रीत एक दिवस चुकवलेली नाही, वह्याच्या वह्या आहेत. सगळ्यात बारीक, म्हणजे शिट्टीसारखा उंच स्वर मला पाचवर ऐकू यायचा. फेब्रुवारीत तो वीसवर गेला, एप्रिलपासून पंचवीसवर आहे. दोन्ही बाजूंना सारखाच. म्हणजे मशीनचाच आवाज क्षीण झालाय. आवाज क्षीण म्हटल्यावर पेशंटचा आकडाही उगाच वाढलेला दिसणार, आणि आकडा जितका मोठा तितका कान वाईट. बिचाऱ्यांना फुकटचं बहिरं ठरवायचं का? म्हणून मी बारीक स्वरांच्या आकड्यातून आधी पंधरा आणि आता वीस वजा करून लिहिते.

मला हिशेब बरोबर वाटतो. पण तपासणीच्या माणसाने विचारलं, बाई, बिघडलेल्या मशीनवर सात महिने पेशंट का तपासलेत, तर काय सांगू? दुरुस्तीला दिलं तर महिनाभर दवाखाना बंद राहील म्हणून? खरं कारण तेच आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती विसर्जन. दवाखाना बंद ठेवला. नारायणगुड्याच्या चौकात सकाळपासून स्पीकर लागलेत, खिडक्या थरथरतात.

सुधीरला हल्ली कमी ऐकू येतंय. टीव्ही इतका मोठा लावतो की शेजारचे रेड्डी काय म्हणत असतील. आज म्हटलं, "रिटायर झालास म्हणजे कान सोडून द्यायचे का? सोमवारी ये, तपासते." तर नुसता हसला. माझा संताप झाला. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या नवऱ्यांना समजावते, आणि घरचा हा असा.

रात्रीच्या जेवणापर्यंत पत्र चार वेळा वाचलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

मशीनचा दाखला देणाऱ्या कंपनीचा हर्षद आला होता. मूळचा नांदेडचा मुलगा, गोड बोलतो. दीड तास मोजमाप केलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदम ओके. एक डेसिबलचाही फरक नाही."

मी म्हटलं, "पुन्हा बघ. बारीक स्वरात वीसचा फरक आहे."

पुन्हा बघितलं. पुन्हा ओके. सहीशिक्क्याचा दाखला माझ्या पुढ्यात ठेवला.

दुसरं कुणी असतं तर देवाचे आभार मानून तो दाखला अर्जाला जोडला असता. मी नाही घेतला. म्हटलं, "तुझं मोजायचं यंत्रच खराब आहे. हा खोटा दाखला जोडू आणि उद्या पकडली जाऊ? दुसरं यंत्र घेऊन ये." पोराचा चेहरा उतरला. भामा दारातून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "म्याडम, बरोबर हाय म्हणतोय तर तुम्ही कायकू परेशान होता?" मी तिला झापलं. मग वाईट वाटलं. चौदा वर्षं माझ्याकडे आहे, बिदरकडच्या शेतकऱ्याची लेक, एक शब्द उलट बोलत नाही. आणि तिचं बोलणं कसं खणखणीत असतं. आजकालचे बाकीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तन्वी आली होती, आईबरोबर. साडेचार वर्षांची. आईबाप दोघेही पुण्याचे, कॉम्प्युटर कंपनीत. या तेलुगू शहरात मराठी बोलणारी बाई हवी म्हणून गच्चीबावलीहून इतक्या लांब माझ्याकडे येतात. पोरीचे स, श, फ नीट येत नाहीत. एप्रिलमध्ये कान तपासले तेव्हा बारीक स्वराला तिने पंचेचाळीसवर बोट वर केलं होतं. वीस वजा, पंचवीस. पंचवीस म्हणजे काठावर, पण चांगल्या कानाच्या मर्यादेच्या आत. म्हटलं, कानाला काही झालेलं नाही, जिभेला वळण लावायला हवं. तेव्हापासून आठवड्याला दोनदा आरसा, फुंकर, जिभेचे व्यायाम. पाच महिने.

आज तिचा स मला छान वाटला. श्रुतीला, म्हणजे तिच्या आईला, तसं सांगितलं. तर म्हणते, "मॅडम, खरं सांगू का? मला अजिबात फरक वाटत नाही. शाळेतल्या टीचरलाही नाही." तेही इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं. पुण्याच्या मुलींना ओठ उघडायला काय होतं कोण जाणे. मी म्हटलं, "आयांना घाई असते. धीर धरा."

पण ती गेल्यावर चैन पडेना. पाच महिने हा काही थोडा काळ नाही. एवढ्यात तीन पोरांचे स मी सुधारून दिले असते.

१५ सप्टेंबर, सोमवार

अर्ज भरायला घेतला. प्रतिज्ञापत्रात एक ओळ आहे: माझ्या व्यवसायावर परिणाम करील असा शारीरिक दोष मला नाही / आहे. गुडघे सोडले तर काय आहे मला? "आहे"वर काट मारली आणि पुढे गेले.

मशीनच्या रकान्यापाशी अडले. खरं लिहिलं तर सात महिन्यांचं विचारतील. खोटं लिहिणं माझ्या हातून होणार नाही. आज दाराशी दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली तेव्हा मी अर्ज फाइलींखाली सरकवला. एसीवाले निघाले.

सुधीरशी बोलावं असं खूप वाटतं. पण तो म्हणेल, मग फेब्रुवारीतच का नाही दुरुस्त केलं? आणि त्याचं बरोबर असेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

क्रमाने लिहिते.

हर्षद अकराला आला. नवं यंत्र आणलं होतं, कालच बंगळूरहून आलेलं, सीलबंद. माझ्यासमोर सील फोडलं. मोजलं. मशीन ओके.

मी भडकले. हेडफोन स्वतःच्या कानावर चढवला, डायल दहावर ठेवली, बटण दाबलं. "ऐक. काही नाही. पंधरा, काही नाही. वीस, काही नाही. याला तू ओके म्हणतोस?"

त्याने आपलं यंत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, मी घालून बघू का?"

मी दिला. डायल वीसवर होती. बटण दाबायच्या आधी मनात म्हटलं, आता कळेल बेट्याला. त्याने मान हलवली. म्हणाला, "येतोय की." मी दहावर आणली. "येतोय." पाचवर आणली. तो डोळे मिटून उभा होता, मी बटण दाबलं की त्याचं बोट वर, सोडलं की खाली. माझा हात त्याला दिसत नव्हता.

मी भामाला हाक मारली. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. भामा पंचेचाळीस वर्षांची आहे, तिच्या कानांना काही विशेष ट्रेनिंग नाही. तिने हेडफोन लावला. दहावर म्हणाली, "हौ म्याडम, बारीक शिट्टी वाजतेय."

मी हर्षदला म्हटलं, दाखला ठेवून जा. दुपारचे पेशंट भामाने परत पाठवले. मी तपासणीच्या खोलीत दार लावून बसले.

मशीन बरोबर होतं. फेब्रुवारीपासून बरोबर होतं.

दोन्ही कान सारखेच, वय सत्तावन्न, बारीक स्वर आधी जातात. हे मी रोज पेशंटना सांगते. रोज. चित्र काढून सांगते.

आणि मी त्यांच्या आकड्यातून वीस वजा करत होते. तन्वी. अरे देवा, तन्वी.

२० सप्टेंबर, शनिवार

रंजनाकडे गेले, सिकंदराबादला. आम्ही एका बाकावर बसून शिकलो. तिला एवढंच सांगितलं की माझे कान तपास.

काचेच्या पलीकडे बसायची सवय. आज अलीकडे बसले. हेडफोन लावला, बोट तयार ठेवलं. सुरुवातीला स्वर येत होते. मग थांबले. मला वाटलं, ती कागद बदलत असेल. डोळे उघडले तर काचेतून तिचा खांदा हलताना दिसला. ती बटण दाबत होती. पुन्हा दाबत होती. मला काहीच येत नव्हतं. इतकी घाबरले की एकदा उगाचच बोट वर केलं.

बारीक स्वराला तीसवर. तिच्या मशीनमध्ये त्याहूनही बारीक एक स्वर आहे, त्याला पंचेचाळीस. रंजना म्हणाली, "वयाचं आहे गं, कानाला मशीन लावलंस की काम चालेल. कित्येक जण करतात." मी मान हलवली. तिला वाटतंय मला माझ्या कानांची भीती आहे.

घरी सुधीरला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग उठून टीव्ही लावला आणि आवाज कमी केला, खूप कमी. म्हणाला, "मला एवढा पुरतो चारू. मी तुझ्यासाठी मोठा करत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला कोण सांगणार? तीन वेळा सुरुवात केली. तू मलाच तपासायला बोलावलंस."

मला रडू आलं. त्याच्यावर रागावायचं होतं, पण रागाला जागा सापडेना.

२१ सप्टेंबर, रविवार

दिवसभर सुधीरशी याच्यावरच बोलणं. तो म्हणतो, "आधी पोरीचं नीट कर. नेहमीची तपासणी म्हणून बोलाव, खरा आकडा घे, मशीन लावून दे. मुलांचं ऐकणं कमीजास्त होतं, कोण विचारतंय? आणि तू उद्यापासून स्वतःचं मशीन लाव. नोंदणी जाऊन कुणाचं भलं होणार आहे?"

मला हे पटलं. पटलं याची लाज वाटते, पण लिहिते. मी वाक्यही ठरवून ठेवलंय: लहानपणी कधी कधी असा फरक पडतो, वेळेवर लक्षात आलं हे नशीब. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. बाकीच्या पेशंटचं नंतर बघू. आधी ही पोर.

अर्ज तसाच पडलाय. ज्या ओळीत काट मारली ती ओळ बघवत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

तन्वीला दहाची वेळ दिली होती. नवा फ्रॉक घालून आली, बतुकम्माच्या सणासाठी शाळेत नाच आहे म्हणे. मी डायल फिरवत होते आणि ती बोट वर करत होती, मन लावून, जीभ ओठांत धरून. स्वर मला येतोय का याच्याकडे आज लक्षच दिलं नाही, फक्त आकडा आणि तिचं बोट. पंचेचाळीस. एप्रिलमध्ये होता तोच, जसाच्या तसा. तोच आकडा कागदावर लिहिला, काही वजा न करता.

दोन्ही कानांना मशीन लागेल. स असतोच बारीक स्वरांत, आणि पाच महिने मी तिला जो स म्हणायला लावत होते तो तिने कधी धड ऐकलेलाच नाही.

श्रुतीला समोर बसवलं. ठरल्याप्रमाणे सांगितलं. ती एप्रिलचा कागद आणि आजचा कागद शेजारी शेजारी धरून बघत राहिली. ती हुशार आहे, आलेख वाचणं तिचं रोजचं काम. म्हणाली, "पाच महिन्यांत पंचवीसचे पंचेचाळीस?"

मी आरशासमोरचं वाक्य म्हटलं.

ती पांढरी पडली. "म्हणजे वाढतंय. पाच महिन्यांत वीस. मॅडम, मग वर्षभरात काय उरेल? ती पूर्ण बहिरी होणार का?" हे ती अजिबात हळू बोलली नाही. तन्वी बाहेर भामाजवळ चित्र रंगवत होती, श्रुतीने उठून मधलं दार लावलं आणि पुन्हा बसली. "एमआरआय करायचा का? माझ्या मावशीचं असंच हळूहळू गेलं होतं. तिच्यावरून आलंय का? तिच्या बाबाला, ओंकारला काय सांगू मी?"

हे मी आणि सुधीरने मोजलंच नव्हतं. आमच्या हिशेबात फक्त मी होते.

गप्प राहिले असते तर ही बाई रोज सकाळी उठून पोरीला हाक मारून बघणार होती, आज कालच्यापेक्षा कमी ऐकू आलं का म्हणून. सुया, स्कॅन, नवससायास, आणि दुसरं मूल होऊ द्यायचं की नाही इथपर्यंत. सगळं माझ्या एका वाक्यावर. मी ग्लासभर पाणी प्यायले.

म्हटलं, "श्रुती, वाढलेलं नाही. एप्रिलमध्येही पंचेचाळीसच होतं. मी वीस वजा करून लिहिलं. मला वाटलं मशीन बिघडलंय. मशीन नाही, माझे कान बिघडलेत. मला गेल्या गुरुवारी कळलं. आता जे वाक्य बोलले तेही खोटं होतं."

मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "म्हणजे आणखी जाणार नाही?"

"पुढचं ठामपणे कुणी सांगू शकत नाही, दर सहा महिन्यांनी बघावं लागेल. पण आजवर एक आकडाही गेलेलं नाही."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. मग माझा हात धरून म्हणाली, "थँक्यू मॅडम. थँक्यू." मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

दारापर्यंत गेली, तन्वीचं बोट धरलं, आणि तिथे थांबली. माझ्याकडे वळून फक्त म्हणाली, "पाच महिने मी तिला नीट बोल, नीट बोल म्हणून ओरडत होते." आणि गेली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी ओंकारचा मेसेज. तन्वीच्या बापाला मी एकदाच भेटले आहे. नमस्कार वगैरे नाही. "श्रुतीने सांगितलं ते सगळं मला तुमच्या सहीने लेखी हवंय. दोन्ही तपासण्यांचे खरे आकडे, काय केलंत ते आणि का. शनिवारपर्यंत."

तो कागद कुठे जाणार हे मला कळतं. नव्या पटाच्या तक्रार विभागात, माझ्या अर्जाच्याही आधी. सुधीर म्हणतो, वकिलाला विचारू. मी म्हटलं, वकील आकडे बदलून देणार आहे का?

संध्याकाळी रंजनाला फोन करून तन्वीच्या मशीनसाठी तिची वेळ मागितली. माझ्याकडे ते लोक आता येणार नाहीत, आणि येऊही नये. रंजनाला सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, किंवा बोलली असेल, मला ऐकू आलं नसेल. शेवटी सोमवारची वेळ दिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दवाखान्यात बसून कागद लिहिला. पाऊण पान झालं. फेब्रुवारीपासून काय केलं, कसं वजा केलं, कुणाच्या कानात दोष होता. रंजनाने काढलेला माझ्या कानांचा तक्ता जोडला. मग अर्ज उघडला, प्रतिज्ञापत्रातली काट खोडली, "नाही"वर काट मारली, शेजारी सही केली. तीन दिवसांपूर्वी वाटत होतं की ही सही करताना माझं काहीतरी होईल. काही झालं नाही, फक्त सही वाकडी आली. नोंदणी देतील, नाकारतील, मशीन लावून काम करू देतील, तक्रारीवर बोलावतील, काही सांगता येत नाही. भीती तेवढीच आहे. ती कमी झाली असं लिहिलं तर तेही वजा करून लिहिल्यासारखं होईल.

भामाला हाक मारली. म्हटलं, "याच्या दोन झेरॉक्स काढून आण. एक तन्वीच्या वडलांना, एक अर्जाला."

ती कागद घ्यायला आलीच नाही. आतल्या खोलीतून फाइली घेऊन आली, हनुवटीने दाबून धरलेला गठ्ठा, आणि माझ्या टेबलावर ठेवला. फेब्रुवारीपासून मी कान ठीक म्हणून घरी पाठवलेल्यांच्या, तन्वीची सोडून. गेल्या शुक्रवारपासून रोज दुपारी बसून तिने त्या वेगळ्या काढल्या होत्या, मी काही न सांगता. प्रत्येकीवर फोन नंबराची चिठ्ठी होती. वरच्या फाइलीवर गौलीगुड्याच्या एका सहा वर्षांच्या मुलाचं नाव होतं, ज्याच्या आईला मी कान ठीक आहेत, पेढे वाटा म्हटलं होतं.

"दोन कायकू म्याडम?" भामा म्हणाली. "हे तेवीस हायत."

पळून जावंसं वाटलं. मग तिला म्हटलं, "पंचवीस काढ."